डावा ब्रॅकेट, उजवी सीट

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते अडगळीसारखे साठतात. आज टाकू, उद्या टाकू म्हणता म्हणता कपाट भरतं, आणि एक दिवस दार लागेनासं होतं. माझं तसं झालंय. तेव्हा बसा, चहा घ्या, थोडे बाहेर काढतो. हसू आलं तर हसा. मला अलीकडे येत नाही, तो भाग वेगळा.

पुण्याच्या कडेला एका छोट्या फ्लाइंग क्लबात मी स्टोअरकीपर आहे. नारायण पेठेतला बी.कॉम. झालेला साने विमानाच्या हँगरमध्ये काय करतो, असं लोक विचारतात. मी विमान उडवत नाही आणि दुरुस्तही करत नाही. मी विमानाचे सुटे भाग मागवतो आणि ते येईपर्यंत वाट बघतो. पगार मला बहुधा वाट बघण्याचाच मिळतो!

क्लबाकडे एके काळी तीन विमानं होती. आता एकच उरलंय, दोन सीटचं. आम्ही त्याला ठमी म्हणतो. माणसंही मोजकीच. शनिवार पेठेतले इनामदार साहेब, आमचे इंजिनिअर. विमान उडायला योग्य आहे असं लिहून सही करायचा अधिकार फक्त त्यांचा. कॅप्टन मृणाल, मुलांना उडायला शिकवते, अजून तिशीही गाठलेली नाही. धायरीचे संभाजी पोकळे, मेकॅनिक. आणि मी.

पोकळ्यांबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं कळेल. या माणसाने तीस वर्षं विमानं खोलली, जोडली, पुसली. पण स्वतः एकदाही वर गेला नाही. मोठी दुरुस्ती झाली की टेस्ट फ्लाइट होते, तेव्हा उजवी सीट मोकळी असते. पण दर वेळी त्या सीटवर सेक्रेटरींचा कुणीतरी मेहुणा बसायचा. आमच्या जुन्या सेक्रेटरींना मेहुणे फार!

ते सेक्रेटरी गेले. त्याच सुमाराला ठमीचं इंजिन ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण खोलून पुन्हा जोडायला, पाठवलं होतं. इनामदार साहेबांनी हँगरच्या फळ्यावर खडूने लिहिलं, "पुढील टेस्ट फ्लाइट. उजवी सीट: श्री. पोकळे." आणि खाली सही ठोकली.

पोकळ्यांनी ओळ दोनदा मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "सायेब, ह्ये पुसायचं न्हाई आता."

* * *

इनामदार साहेबांचा एक कायदा आहे. हँगरमधल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. चांगली असेल तर हिरवी, निकामी असेल तर लाल. चिठ्ठी दोऱ्याने बांधायची आणि तिच्यावर कारण लिहायचं. हा नियम विमानाच्या पार्टांसाठी असतो, पण साहेब तिथे थांबत नाहीत.

एकदा कूलरचं पाणी गरम यायला लागलं. दुसऱ्या दिवशी कूलरला लाल चिठ्ठी! पंख्याला लाल, मागच्या दाराच्या कडीला लाल. एका कमिटी मेंबरने येऊन तासभर भाषण दिलं. ते हात धुवायला गेले तेवढ्यात त्यांच्या खुर्चीला लाल चिठ्ठी लागली होती. कारण: "आवाज येतो, काम होत नाही."

माझाही कायदा एकच. जुना पार्ट जमा, मगच नवा मिळेल. त्यात मी बापाचंही ऐकत नाही. पेनची रिफिल संपली तरी मला जुनी रिफिल दाखवावी लागते. मृणाल मला पाठीमागे "जुना-जमा काका" म्हणते. समोरही म्हणते.

* * *

इंजिन परत आलं, बसवलं, आणि पेट्रोलच्या टाकीखालच्या झडपेतून थेंब थेंब गळायला लागलं. आतली रबरी रिंग गेली होती. लहान बाळाच्या करंगळीत बसेल एवढी रिंग.

पोकळे जुनी रिंग घेऊन नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेले आणि दुपारच्या आत तश्शाच दहा रिंगा घेऊन आले. पाच रुपयाला एक. "सेम टू सेम हाय सायेब! मोजून बघा."

इनामदार साहेबांनी मोजली. केसाचाही फरक नव्हता. मग हात पुढे केला, "कागद?"

विमानाच्या प्रत्येक पार्टसोबत तो कुणी बनवला, कधी तपासला, याचा कागद यावा लागतो. कागद नसेल तर तो पार्ट नाही, भंगार.

पोकळे चिडले. "आवं सायेब, कागदावर उडतंय व्हय इमान?" ते विमानाला इमानच म्हणायचे.

साहेब शांतपणे म्हणाले, "पोकळे, वर जातं ते इंजिनावर. पण खाली नीट आलं नाही, तर लोक आधी कागद बघतात."

कागदवाली रिंग परदेशातून आली. चौदाशे रुपये आणि सात आठवडे. बाकी खोकं एवढं मोठं होतं की पोकळ्यांना आधी वाटलं, चुकून पंखच पाठवला! नाना पेठेतल्या दहा रिंगा मी कपाटात ठेवल्या, लाल चिठ्ठी लावून. कारणाच्या जागी लिहिलं, "दोष नाही, कागद नाही."

सात आठवड्यांत आमचे चार विद्यार्थी दुसऱ्या गावच्या क्लबात गेले. परत आले नाहीत.

* * *

त्याच दिवसांत मृणालने पोकळ्यांना उभ्या उभ्या काट्यावर चढवलं. दोन सीटच्या विमानात वजनाचा हिशेब काटेकोर असतो. डावी सीट इतकी, उजवी सीट इतकी, पेट्रोल इतकं, सगळं उडण्याआधी एका तक्त्यात भरावं लागतं.

"पोकळेकाका, एकशे चार! सॉरी, पण आपण लिमिटच्या बाहेर जातोय. अ‍ॅट लीस्ट पंधरा किलो कमी करा ना."

"पंधरा?" पोकळे म्हणाले. "शेळी असती पंधराची."

"एकदा बसून तरी बघा," म्हणून तिने त्यांना उजव्या सीटवर बसवलं. पट्टा ओढून ओढून पोकळे लालबुंद झाले, तरी बक्कल चार बोटं लांबच राहिलं. इनामदार साहेब बाहेरून बघत होते. म्हणाले, "विमानाला पार्ट मिळत नाही, पोकळ्यांना पट्टा पुरत नाही. क्लबाचं एकंदर बरं चाललंय."

दुसऱ्या दिवसापासून पोकळ्यांनी मिसळ सोडली, आणि संध्याकाळी बस सोडून वडगावपासून धायरीपर्यंत चालत जायला लागले.

* * *

बुटाचा किस्सा सांगितला नाही तर मृणाल मला माफ करणार नाही.

कंट्रोल स्टिकच्या, म्हणजे विमान वळवायच्या दांड्याच्या, बुडाशी एक रबरी टोपण असतं, म्हणजे खाली पेन, नाणं काही पडून अडकू नये. आमचं फाटलं होतं. साहेब म्हणाले, "हे बदलल्याशिवाय सही नाही." त्या टोपणाला या धंद्यात बूट म्हणतात. मी मागवला. मालाच्या कागदावर लिहून आलं, "बूट, रबरी, नग एक."

महिना झाला, माल मुंबईत कस्टममध्ये अडकलेला. माल सोडवणाऱ्या एजंटला मी फोन केला. तो म्हणाला, "साहेब, दुसरा बूट कुठाय?"

"दुसरा कसला? एकच मागवलाय."

"एक बूट कोण मागवतं? डावा आहे का उजवा, तेही लिहिलेलं नाही. पायाचं मापसुद्धा टाकलं नाही तुम्ही!" या पठ्ठ्याने अर्जात आमचा पार्ट पादत्राणं म्हणून भरला होता.

मी समजावून थकलो. शेवटी इनामदार साहेबांनी स्वतः पत्र लिहिलं. "सदर बूट विमानाचा आहे. विमान हे एकच पाय असलेले गृहस्थ असून, दुसरा बूट मागवण्याची त्यांची ऐपत नाही."

पत्र पोचलं की नाही माहीत नाही. बूट मात्र चार महिन्यांनी सुटला. तोपर्यंत पोकळे पंचाऐंशी किलोवर आले होते! पट्टा व्यवस्थित बसत होता. पार्ट उशिरा आल्याचा आमच्या क्लबाला आजवर झालेला हा एकमेव फायदा.

* * *

आता जो सांगतोय तो किस्सा नाही खरं तर. ती माझी चूक आहे.

बूट बसला आणि साहेबांनी शेवटची तपासणी केली, तर इंजिनाखालच्या धुराड्याच्या नळीला धरून ठेवणारा ब्रॅकेट तडकलेला. उजवीकडचा. तळहाताएवढा लोखंडी तुकडा. मी ऑर्डर टाकली. डाव्याचा आणि उजव्याचा नंबर अगदी सारखा असतो, शेवटी फक्त एक आणि दोनचा फरक. एक म्हणजे डावा, दोन म्हणजे उजवा.

तीन महिन्यांनी खोकं आलं. साहेब म्हणाले, "उघडू नका. उद्या सकाळी सगळ्यांसमोर उघडू. अर्ध्या तासात बसेल, अकराला उड्डाण."

सकाळी पोकळे पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात आले. मी त्यांना तीस वर्षांत कधी पांढऱ्या कपड्यात पाहिलं नव्हतं, ग्रीस-तेलाचा माणूस तो. सोबत पोकळेवहिनी आणि मुलगी सारिका. सारिका आयटीत आहे, तिने रजा टाकली होती. वहिनींनी नारळ आणला होता. ठमीच्या नाकाला कुंकू लावून झालं.

साहेबांनी खोकं उघडलं. ब्रॅकेट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग माझ्यापुढे धरला. डावा होता.

मी धावत जाऊन ऑर्डरची प्रत काढली. मनात म्हणत होतो, त्यांची चूक असू दे, त्यांची चूक असू दे. शेवटी एक लिहिलेलं होतं. मीच लिहिलेलं.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वहिनींच्या हातात नारळ तसाच. मृणालने तोंड फिरवलं. इनामदार साहेब, जे खुर्चीलाही सोडत नाहीत, ते मला एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

पोकळे पुढे आले. ब्रॅकेट माझ्या हातातून घेतला, फडक्याने पुसला, हिरवी चिठ्ठी बांधली आणि परत दिला. "ठिवा कपाटात, सानेसायेब. कवातरी डावा बी मोडंल की."

मग शर्ट काढून खुंटीला लावला, ओव्हरऑल चढवलं आणि कामाला लागले.

उजवा ब्रॅकेट बनवणाऱ्याकडेच शिल्लक नव्हता. पुढची खेप सात-आठ महिन्यांनी, असं कळलं.

* * *

त्या वाट बघण्यात पोकळे एकदा शिडीवरून उतरताना चक्कर येऊन बसले. मग घरी एकदा, मग बसस्टॉपवर. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचे ठोके मध्येच चुकतायत, पेसमेकर बसवावा लागेल.

शुक्रवारी सांगितलं, रविवारी बसवला. दोन दिवसांत!

पंधरा दिवसांनी पोकळे थेट माझ्या स्टोअरच्या खिडकीशी उभे. वाळले होते, पण डोळे मिस्कील. खिशातून एक कार्ड काढून खिडकीवर आपटलं. त्याच्यावर कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, बसवल्याची तारीख, डॉक्टरांची सही.

"घ्या! कागदासकट आलाय पार्ट. एंट्री करा."

मला हसू आवरेना. मी रजिस्टर काढलं आणि खरोखर एंट्री केली. मग तोंड गंभीर करून म्हणालो, "जुना जमा?"

"जुना न्हवताच. ही नवीन फिटिंग हाय." मग थोडा विचार करून म्हणाले, "पर ह्यो काढला की आणून जमा करीन. कायदा म्हंजे कायदा."

इनामदार साहेबांनी कार्ड चष्मा लावून वाचलं. म्हणाले, "कागद चोख आहे. पार्ट नवा आहे. तुम्ही फक्त बाकीचं विमान जपा."

डॉक्टरांनी त्यांना चालू इंजिनापासून दोन फूट लांब राहायला सांगितलं होतं. त्यामुळे पोकळे दोन फुटांवर स्टूल टाकून बसायचे आणि साहेबांना तिथून सांगायचे, कुठला नट आवळा, कुठला ढिला सोडा. साहेब मुकाट ऐकायचे. इंजिनिअरला मेकॅनिक सूचना देतोय, हे मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

एकदा मी विचारलं, "पोकळे, उडायला चालेल ना?"

"डाक्टरला पयलंच इचारलंय," ते म्हणाले. "बसायला चालतंय. इंजिन फुडं असतंय, म्या मागं. दोन फुटापरीस जास्तच हाय, टेपनं मोजलंय."

* * *

उजवा ब्रॅकेट एका मंगळवारी आला. पोकळे त्याच्या अकरा दिवस आधी गेले. झोपेतच. पेसमेकर चालू होता म्हणे, बाकीचं थांबलं.

मी एक आकडा नीट लिहिला असता तर हा माणूस वर जाऊन आला असता. मला हे कुणीही म्हणालेलं नाही. मी स्वतःच म्हणतो, रोज.

बुधवारी सारिका आली. स्टोअरच्या खिडकीवर तिने एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. आत रुपयापेक्षा थोडी मोठी, चपटी, चकचकीत डबी आणि ते कार्ड.

"काका, हॉस्पिटलने काढून दिलं. विद्युतदाहिनीत फुटतं म्हणे. घरात ठेवायला आईला नको वाटतं, आणि मला फेकवेना. बाबा म्हणायचे, हे सानेसाहेबांकडे जमा करायचं. पावती घे म्हणाले होते."

मी रजिस्टर उघडलं. त्यांच्या नावापुढे एंट्री होतीच. काढलेला पार्ट म्हणून सवयीने लाल चिठ्ठी घेतली. मागून इनामदार साहेबांचा आवाज आला, "लाल कशाला?"

"काढलेला पार्ट आहे, साहेब."

"पार्टात दोष आहे?"

सारिका म्हणाली, "नाही. डॉक्टर म्हणाले, शेवटपर्यंत अगदी व्यवस्थित चालत होता."

"कागद आहे?"

मी कार्ड दाखवलं.

"मग हिरवी."

मी हिरवी चिठ्ठी बांधली. स्टोअरच्या काट्यावर ठेवून वजनाचा रकाना भरला, सारिकाला पावती दिली. तिने ती नीट घडी करून पर्समध्ये ठेवली.

साहेब अडुसष्ट वर्षांचे. त्या दिवशी स्वतः सतरंजी टाकून ठमीच्या पोटाखाली आडवे झाले आणि ब्रॅकेट बसवला. कुणाला हात लावू दिला नाही. दोन तास लागले. उठून हात पुसले, कागदावर सही केली, आणि माझ्या खिडकीपुढे येऊन हात पुढे केला. मी पिशवी दिली. कशाला, ते विचारलं नाही आणि या वेळी बदल्यात काही जमा करूनही घेतलं नाही.

मृणाल डाव्या सीटवर बसली होती, मांडीवर वजनाचा तक्ता. फळ्यावरची खडूची ओळ अजून तशीच होती, तिने वळून एकदा वाचली. उजव्या सीटवर ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. मग पेन उघडलं.

"सर," ती म्हणाली, "राइट सीटचं वेट किती टाकू?"

"पंचवीस ग्रॅम," इनामदार साहेब म्हणाले. "आणि पट्टा पुरतोय का बघ."